शेवटच्या नंबराचा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. फुटबॉलचा, उजव्या पायाचा. माझा डावा जोडीदार कधीच गेला, त्याचं पुढे सांगेनच. पण आधी एक कबूल करतो. इतर वस्तू आपली कहाणी सांगताना आपण किती राबलो आणि माणसं कशी विसरली, हे ऐकवतात. माझी कहाणी तशी नाही. माझ्यामुळे एका चांगल्या माणसाचं नुकसान झालं आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. मला शिवणारे कारागीर म्हातारे होते आणि फार कमी बोलत. तोंडात खिळे धरून काम करणाऱ्याला बोलता तरी कसं येणार? त्यांनी एका तरुणाचं पाऊल कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, मेण लावलेल्या दोऱ्याने आम्हा दोघांना शिवलं आणि त्याच्या हाती देताना खिळे काढून एवढंच सांगितलं, "चावला तर घेऊन ये. सोसत बसू नकोस."

तो तरुण छापखान्यात पुस्तकं बांधायला शिकत होता. पुढे सगळे त्याला बाइंडर म्हणू लागले. दर रविवारी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर तो बचावफळीत खेळायचा. अकरा वर्षांत त्याने एकच गोल मारला, आणि तो माझ्याने. खेळ संपला की तो आमच्यात रद्दी कागद कोंबून आम्हाला वाळवायचा, तेल लावायचा. मग एका सामन्यात डाव्याचा तळ टाचेपासून पुढच्या टोकापर्यंत उघडला आणि त्याला मैदानाच्या कडेलाच टाकून दिलं. बाइंडरचा गुडघाही तेव्हा कुरकुर करू लागला होता. त्याने खेळणं सोडलं. त्याला मला टाकवेना, म्हणून छापखान्यात आणलं आणि कागदाच्या गोदामाच्या दाराला अटकाव म्हणून लावलं.

दाराखाली मी कित्येक वर्षं काढली. धूळ, झाडू आणि येता-जाता लागणाऱ्या लाथा. पण मित्रांनो, आज वाटतं, तिथेच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

छापखान्यातल्या नऊ जणांना मोबाइलवरच्या एका खेळाचं वेड लागलं. यात आपण धावायचं नसतं. खऱ्या संघांतून आपल्या पसंतीचे खेळाडू निवडायचे, ते खऱ्या सामन्यात जसे खेळतील तसे गुण आपल्या खात्यात जमा. एकाला कप्तान करायचं, त्याचे गुण दुप्पट. तो खेळलाच नाही तर उपकप्तानाचे दुप्पट. हंगामभर हे चालायचं. पहिल्या नंबराला काय द्यायचं यावर कुणाचं एकमत होईना. शेवटच्या नंबराला काय द्यायचं यावर मात्र लगेच झालं. बाइंडरने मला दाराखालून ओढून काढलं, उसवलेल्या जागी पुस्तकाच्या पुठ्ठ्याचं कापड चिकटवलं आणि उरलेल्या सोनेरी शाईचे दोन हात दिले.

नियम असा ठरला, की जो शेवटचा येईल त्याने एक पूर्ण दिवस मला उजव्या पायात घालून काम करायचं. नंतर पुढचा हंगाम संपेपर्यंत मला आपल्या घरी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं मांडायचं. पहिल्या वर्षी गठ्ठे बांधणारा हरला, दुसऱ्या वर्षी खुद्द मालक. मी झळकत होतो, सगळे मला बघून हसत होते आणि मी फुशारलो होतो. सोनेरी शाईने माझं कातडं लाकडासारखं ताठ झालं आहे, याचं मला भान नव्हतं.

तिसऱ्या वर्षी मशीनवरचे मामा हरले.

ते कुणाचे सख्खे मामा नव्हते. पण तीस वर्षं छपाईच्या मशीनजवळ उभं राहून त्यांनी छापखान्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी सांभाळून घेतलं होतं, म्हणून ते सगळ्यांचेच मामा. त्या दिवशी बाइंडरने त्यांच्यासमोर गुडघे टेकले आणि माझी नाडी आवळली. मामांचा पाय त्याच्या पायाहून एक नंबर मोठा होता. बाइंडरने हसत हसत आणखी एक वेढा दिला आणि विचारलं, लागतंय का? मामा म्हणाले, काहीच नाही.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना मधुमेह होता आणि पावलांची संवेदना हळूहळू मरत चालली होती. त्यांना स्वतःलाही याचा पुरता पत्ता नव्हता. मला मात्र कळत होतं. करंगळीजवळ माझी ताठ कड आत रुतत होती. मामा आठ तास उभे होते, सगळ्यांबरोबर हसत होते आणि मी चावत होतो. मला थांबता येत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी मला काढलं तेव्हा मोजा रक्ताने माझ्या अस्तराला चिकटला होता.

ती जखम भरली नाही. आधी करंगळी गेली, मग पाऊल आणि शेवटी गुडघ्याखालचा पाय. तीन महिन्यांनी नवा हंगाम सुरू झाला तेव्हा मामा दवाखान्यातल्या खाटेवर होते. दवाखान्यात जाण्याच्या गडबडीत त्यांनी कसाबसा संघ निवडून ठेवला होता. त्यातले चौघे पहिल्याच महिन्यात जखमी झाले, दोघांना त्यांच्या संघांनी बाहेर बसवलं. बदल करणार कोण? सात आठवड्यांनी मामा कुबड्या घेऊन घरी आले तेव्हा ते तळाला होते आणि वरच्यापेक्षा शहाण्णव गुणांनी मागे.

मी तेव्हा त्यांच्या घरी, बैठकीच्या खोलीतल्या फळीवर होतो. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या मामींनी, एकदा मला खाली काढलं. आतला डाग पाहिला आणि कचऱ्याच्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं. मामा कुबड्या टेकत बाहेर आले, मला काखेत धरलं आणि पुन्हा फळीवर ठेवलं. मामी म्हणाल्या, याच्याकडे बघवत नाही हो. मामा म्हणाले की नियम म्हणजे नियम, वर्ष संपेपर्यंत तो इथेच राहणार.

पुढच्या रविवारी बाइंडर आणि मालक भेटायला आले. यंदा हा खेळच बंद करू, निदान बुटाची शिक्षा तरी काढून टाकू, असं मालकांनी चाचरत सुचवलं. बाइंडर जमिनीकडे बघत बसला होता. माझ्याकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

"पाय गेलाय, डोकं जागेवर आहे," मामा म्हणाले. "हंगाम संपू दे. मग बघू."

पाहुणे गेल्यावर ते मामींना म्हणाले, "मी शेवटचा आलो ना, तर ते मला बूट घालायला लावणार नाहीत. सगळे तोंड फिरवून कामाला लागतील. मला ते नको आहे."

मित्रांनो, त्यांना तेवढंच हवं होतं. पहिला नंबर नको, दुसरा नको. फक्त शेवटून दुसरा.

मग सुरू झाली ती झुंज मी फळीवरून पाहिली. संघ पूर्ण बदलायची मुभा हंगामात एकदाच असते. मामा ती वापरायला तयार होईनात, कारण त्यांच्या संघात एक बचावपटू होता, त्याचा पाय मोडला होता. लागलंय म्हणून काय काढून टाकायचं त्याला, असं म्हणून ते त्याला पाच आठवडे घेऊन बसले. तो एक गुण देत नव्हता. शेवटी मामींनी चष्मा लावला आणि मोबाइल हातात घेतला. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांनी घर चालवलं होतं. नावाजलेले घ्यायचेच नाहीत, त्या म्हणाल्या, एक दिवस येतात आणि चार दिवस दांडी मारतात. जो दर आठवड्याला पूर्ण वेळ मैदानावर असतो तोच घ्यायचा. आणि त्या मोडक्या पायाच्या पोराला घरी विश्रांती घेऊ द्या, त्याच्यावरही उपकार होतील.

मामा खूप दिवसांनी हसले. संघ बदलला. शहाण्णवाचे ऐंशी झाले, ऐंशीचे बासष्ट. शनिवारी-रविवारी दुपारी दोघं सामने बघत. मामी भाजी निवडता निवडता विचारायच्या, आपला तो टकलू खेळतोय ना? खोटा पाय बसवून घेतला, त्याने चालण्याचा सराव सुरू झाला, तोही सामन्यांच्या मध्यंतरात.

छापखान्यातले बाकीचे या काळात मामांशी फार जपून बोलत. अपवाद प्रूफवाल्या बाईंचा. छपाईआधी चुका शोधणं हे त्यांचं काम आणि तीच त्यांची सवय. गुणतक्त्यात त्या नेहमी पहिल्या असत. एका आठवड्यात मामांना चौदाच गुण मिळाले तेव्हा बाईंनी कळवलं, की तुमचा बचाव म्हणजे आमच्या घरची चाळणी. मामांनी तो निरोप मामींना तीनदा वाचून दाखवला. एवढे खूश मी त्यांना त्या वर्षात दुसऱ्या कशाने झालेलं पाहिलं नाही.

शेवटचा आठवडा उरला तेव्हा मामा अकरा गुणांनी मागे होते, आणि त्यांच्या बरोबर वर होता बाइंडर.

त्या रविवारी मामांच्या संघाने एकसष्ट गुण मिळवले. टकलूने दोन गोल मारले. बाइंडरला अडतीसच मिळाले. मामा बारा गुणांनी वर! मामी उठून उभ्या राहिल्या आणि मामाही उभे राहिले, कुबडी न घेता, टेबलाला धरून. मग मामांनी मला फळीवरून काढून एका कापडी पिशवीत ठेवलं. वर्षभरानंतर ते छापखान्यात जाणार होते, आणि मला दुसऱ्याच्या हवाली करणार होते.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात टाळ्या वाजल्या. मामांनी पिशवीतून मला काढलं आणि बाइंडरसमोर ठेवलं. बाइंडरने मान खाली घालून मला पायात चढवलं. वीस वर्षांनी मी माझ्या पहिल्या पायात गेलो, पण आता आम्ही एकमेकांना ओळखत नव्हतो.

प्रूफवाल्या बाई मोबाइलमध्ये सगळ्यांचे संघ वाचत होत्या. वाचायला मिळालं की त्या शेवटच्या अक्षरापर्यंत वाचतात.

"बाइंडर, हे काय? कप्तानही जखमी आणि उपकप्तानही? महिनाभर दोघं खेळलेच नाहीत. इतकी ढोबळ चूक मी..."

त्या तिथेच थांबल्या. कप्तान चुकू शकतो. मुद्दाम केल्याशिवाय दोन्ही चुकत नाहीत.

मामांनी मोबाइल मागून घेतला. बाइंडरचा नेहमीचा कप्तान संघात होता. त्याला दहा गुण मिळाले होते, पण ते दुप्पट झाले नव्हते. मामांनी एका रद्दी प्रूफच्या पाठीवर आकडे मांडले, पुन्हा मांडले.

"दोन गुणांनी," ते म्हणाले. "तू नीट खेळला असतास तरी मी दोन गुणांनी वर होतो."

बाइंडर हळूच म्हणाला, "नाडी मी आवळली होती, मामा."

"माहीत आहे मला. वर्षभर वाट बघतोय, तू कधी बोलतोस त्याची. नुसता बोलला असतास तर मी तेव्हाच म्हटलं असतं, जाऊ दे." मामांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. "पण हे कसं सोडून देऊ? हे मी आणि तिने मिळून कमावलं होतं."

ते कुबडी घेऊन आपल्या नव्या जागेवर जाऊन बसले. आता ते उभं राहून मशीन चालवत नाहीत, बसून छापलेले कागद तपासतात. बाइंडरने मला संध्याकाळपर्यंत पायातून काढलं नाही. कुणी हसलं नाही. मी त्यालाही चावलो. त्याला ते कळत होतं, तरी तो काढेना.

मित्रांनो, याला आता दोन हंगाम लोटले. नऊ जणांचा तो खेळ पुन्हा मांडला गेला नाही. बाईंनी एकदा विचारलं, मामा म्हणाले, यंदा नको. ते बाइंडरशी बोलतात, नाही असं नाही. पानांचे किती फर्मे झाले, गोंद आला का, एवढंच बोलतात. मी बाइंडरच्या टेबलावर असतो. जेवणाच्या सुट्टीत तो कागदाला घडी पाडायच्या हाडाच्या पट्टीने माझी सोनेरी शाई खरवडतो आणि उघड्या पडलेल्या कातड्याला तेल चोळतो. मी पूर्वीसारखा मऊ होत चाललो आहे. मला घालणारं मात्र आता कुणी नाही.

तुम्हाला एकच विनंती. मला शिवणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं, चावला तर सोसत बसू नकोस. जो चावला असेल त्यालाही हे लागू आहे. तुमच्या हातून कुणाला लागलं, तर जा आणि सांगा, की माझ्यामुळे लागलं. त्याच दिवशी सांगा. आणि तो पुन्हा खेळायला आला, तर त्याच्याशी जीव तोडून खेळा.

मामांच्या खिशातला तो आकड्यांचा कागद अजून तिथेच आहे. ते खाली वाकले की त्याची कड मला टेबलावरून दिसते.