उमाबाईने जामीन ठेवलेली तळी

मित्रांनो, मी एका जुन्या जात्याची वरची तळी आहे. जात्याला दोन तळ्या असतात. खालची जमिनीला धरून बसते आणि वरची तिच्यावर फिरते. आम्हा दोघींना उदगीरजवळच्या एका गावात लिंबाजी वडाराने एकाच काळ्या दगडातून घडवले. दर वर्षी तो टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने आम्हाला पुन्हा खरखरीत करायला यायचा. "ह्यांना येगळं करू नका, जोडीनंच झिजू द्या," असे सांगून जायचा.

आमची मालकीण उमाबाई. पहाटे अंघोळ करून कपाळी विभूती लावली की तिचा संशय सुरू व्हायचा. दळलेले पीठ डब्यात भरल्यावर ती त्यावर अंगठा दाबून ठसा ठेवायची. ठसा मोडलेला दिसला की घरातल्या मांजरापासून शेजारच्या गंगम्मापर्यंत सगळ्यांची चौकशी व्हायची. पण ती जन्मापासून अशी नव्हती. ती संशयी कशी झाली ते मी पाहिले आहे.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या तोंडी ज्वारी राहिली नाही. रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेले ज्वारीसारखे धान्य, यायचा. त्याला कुबट वास होता, तरी आम्ही तो गोड मानून दळला. उमाबाईचा नवरा आधीच वारला होता. थोरला मुलगा धोंडप्पा म्हणाला, "अव्वा, पुण्याकडं काम हाय म्हणतेत. दिवाळीला येतोच." ओवीत निरोप घेणारा माणूस मागे वळून बघतो, थांबतो, पुन्हा वळतो. धोंडप्पा मात्र ट्रकमध्ये जागा धरायला पळाला. त्याची एक चप्पल रस्त्यात पडली, ती घ्यायलाही तो थांबला नाही. उमाबाईने चप्पल उचलून घरी आणली. दिवाळी आली, पाऊसही आला. धोंडप्पा आला नाही आणि त्याचा निरोपही आला नाही.

तेव्हापासून घरातून कोणी बाहेर पडू लागले की उमाबाईला वाटायचे, हा गेला तो गेलाच.

पुढे धाकट्या विरूपाक्षचे लग्न झाले आणि चाकूरची रुद्राणी सून म्हणून आली. तिचा गळा गोड होता. माझा खुंटा धरून ती गायची:

गाडी वळली बांधाला, धूळ बसली चाकाला
माय पुसते पदरानं, लेक पुसंना डोळ्याला

गल्लीतल्या बाया भिंतीपलीकडून ऐकत आणि डोळे पुसत. उमाबाई मात्र दाराआड उभी राहून एकेक शब्द तपासायची.

"माहेराचं एवढं गाऊन राहिलीस, गठुडं बांधलंस का काय?"

"अव्वा, ववी हाय ती. म्हणलं की मन हलकं व्हतं."

"तुझं मन हलकं व्हतंय, माझं घर बी हलकं व्हईल एखांद्या दिशी."

रुद्राणी हसायची आणि पुढची मूठ माझ्या तोंडात टाकायची. तिने कधी गठुडे बांधले नाही. पण उमाबाईचा संशय काही मोडला नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नवी कचेरी उघडली आणि विरूपाक्ष तिथे शिपाई म्हणून लागला. नवरा-बायकोने लातूरला जायचे ठरले. दोघांनी उमाबाईला पुष्कळ विनवले. ती म्हणाली, "मी माझं दार सोडून येत न्हाई. धोंडप्पा आला तर कुलूप बघून माघारी जाईल."

सामान बांधताना रुद्राणीने आम्हाला हात लावला. विरूपाक्ष म्हणाला, "आगं, तिथं गल्लोगल्ली गिरणी हाय."

"गिरणीचं पीठ करपल्यावानी लागतंय. मी जातं नेणार."

उमाबाई पुढे आली. "ने की. वरची ने. खालची हितंच राहील."

"अव्वा, अर्ध्या जात्यावर काय दळू?"

"दळायचं असल तवा हिकडं ये."

विरूपाक्षला हसू फुटले. "अव्वा, लोक माणूस जामीन ठेवतेत. तू तर दगूड ठेवून राहिलीस!"

"माणसाचा भरवसा एकदा धरून बघितलाय. आता दगडाचा बघते."

असे आम्हाला वेगळे केले. आजवर आमच्यावर किती जणींनी ताटातुटीच्या ओव्या म्हटल्या होत्या! प्रत्यक्षात मला पोत्यात घातले, तोंडाला सुतळी बांधली, आणि खालच्या तळीला काही म्हणायच्या आत एसटीचा भोंगा वाजला.

लातूरच्या खोलीत मी भिंतीला टेकून उभी राहिले. शेजारची सरजाबाई म्हणाली, "लोणच्याच्या बरणीवर ठेवा की हिला, दाब बसतो चांगला." रुद्राणी म्हणाली, "न्हाई वो. हिची जोडीण सासूजवळ हाय." पण पीठ ती गिरणीतूनच आणी, आणि तिचे गाणेही बंद झाले. खरे सांगते, उमाबाईचा संशय मलाही चिकटला. ही मला परत नेणार का? की भिंतीपासून मोरीपर्यंत आणि मोरीतून धुण्याच्या दगडापर्यंत माझी वाट ठरलेली आहे?

दिवाळीला विरूपाक्षला सुट्टी मिळाली नाही. ते गेले नाहीत. तिकडे काय झाले ते खालच्या तळीने मला पुढे सांगितले. उमाबाईने तिला झाडून-पुसून कुंकू लावले आणि दिवसभर तिच्याजवळ बसून राहिली. गंगम्मा फराळ घेऊन आली तेव्हा उमाबाई तिला म्हणाली, "न्हाई येणार ती. मला ठावंच व्हतं." फराळाला तिने हात लावला नाही.

संक्रांतीच्या आधी रुद्राणी एकटीच निघाली. मला पोत्यात घालून तिने एसटीत चढवले. कंडक्टरने पोत्याला पाय लावून विचारले, "काय हाय ह्याच्यात, बाई?"

"जातं."

"आख्खं?"

"अर्धं."

"मग तिकीट बी अर्धंच फाडतो," तो म्हणाला. सगळी गाडी हसली.

घरी पोचल्यावर उमाबाईने 'ये' म्हटले नाही. तिने पोते उघडले आणि माझी कड बोटांनी चाचपत गेली. "हीच का ती? बदलून आणली असशील."

"बसवून बघा."

उमाबाईने मला खालच्या तळीवर ठेवून रिकामेच थोडे फिरवले आणि कान लावला. आमचा घरघराट तिने चाळीस वर्षे ऐकला होता. मग तिने सुपातली ज्वारी पुढे ओढली. दोघी समोरासमोर बसल्या आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात आले.

"गा की. का शेरात गळा इकलास?"

रुद्राणी गाऊ लागली:

मोटार सुटली फाट्याला, पाय चढंना पायरी
माझ्या सासूचं बोलणं, कानी ऐकते माघारी

उमाबाईचा हात थांबला. "सासूचं? म्हंजे माझं? काय बोलणं? शिव्या घातल्या व्हत्या का मी?"

"हाव," रुद्राणी म्हणाली.

उमाबाई हसली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला, आणि तो बराच वेळ काढला नाही.

संक्रांत झाली. रुद्राणी निघायला लागली तर दारात दोन पोती बांधलेली.

"अव्वा, दोन्ही तळ्या देता?"

"दोन्ही तुझ्या एकटीच्या हाती? इकून मोकळी व्हशील. मी बी येते, नदर ठेवाया." मग ती गंगम्माकडे वळली. "धोंडप्पा आला तर लातूरचा पत्ता दे त्याला. पर आधी डोळे भरून बघून घे, त्योच हाय का."

तिने कुलूप लावले आणि ओढून ओढून पाहिले. एसटीत वाटभर तिचा एक हात माझ्या पोत्यावर होता आणि दुसरा रुद्राणीच्या मनगटावर.

उमाबाई आता नाही. रुद्राणी म्हातारी झाली आहे. आम्ही दोघी झिजून पातळ झालो, पण एकत्र आहोत.

मित्रांनो, तुमच्या अंगणात, नळाखाली किंवा पायरीला लावलेली एखादी एकटी तळी दिसेल. तिच्यावर चपला ठेवण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला विचारा, हिची दुसरी कुठे आहे? ठिकाण कळले तर आणायला जा. दगडाला वजन असते. एकट्याने उचलू नका, कोणाला तरी बरोबर न्या.