शंभर मीटर खालची थरथर

मित्रांनो, मी एक जुना भूकंपमापक आहे आणि उभ्या आयुष्यात मला एकदाही झोप लागलेली नाही. जपानच्या शिकोकू बेटावरच्या एका डोंगरगावात, शंभर मीटर खोल भोकात मला उतरवले. वरच्या मोटारींचा, वाऱ्याचा गलका माझ्यापर्यंत पोचू नये म्हणून इतके खोल! तरीही दूरच्या किनाऱ्यावर मोठी लाट आपटली, की माझे अंग शहारते.

सुरुवातीला गावाला माझा अभिमान होता. जमीन हादरली, की माझी खबर क्षणात शहरात पोचे. पण तिसऱ्या वर्षी मला विचित्र अस्वस्थता जडली. झटका नाही, धक्का नाही. तासन्‌तास नुसती बारीक थरथर. थांबली म्हणावे, तर पुन्हा सुरू.

माझी देखभाल कात्सुया निशिवाकी नावाचा तरुण तंत्रज्ञ करी. माझ्या रेघा पाहून तो वैतागला. "हा भूकंप नाही, गोंगाट आहे. त्या गिरणीचा!"

गिरणी म्हणजे सातोए ओकुनोबाईंची लाकूड कापायची गिरणी. त्यांचे यजमान त्याच वर्षी वारले होते. कात्सुयाने घरोघरी सांगितले आणि गावाने ठरवले, की गिरणी दिवसाला दोनच तास चालवायची. अंगणात ओंडके पडून काळे पडू लागले. तीन कामगारांपैकी एक सोडून गेला. वर शेजाऱ्यांचे टोमणे: "काकी, तुमच्या करवतीपायी खरा भूकंप आला तरी कळायचा नाही!" असेच चालले असते, तर थंडीपर्यंत गिरणीला कुलूप लागले असते.

मी तळमळत होतो. ही थरथर खालून येते, हे मला कळत होते. पण मला तोंड नाही, फक्त रेघ आहे. थरथर थांबेना, तेव्हा कात्सुयाला वाटले, बाई चोरून गिरणी चालवतात.

ऑगस्टमध्ये ओबोन आला. या दिवसांत पितर घरी येतात. गावात कुणी कामाला हात लावत नाही. पण भर दुपारी माझी रेघ उसळली आणि कात्सुया तडक गिरणीवर गेला. पुढचे त्यानेच नंतर माझ्या झाकणाशी बसून सांगितले.

"ओबोनलासुद्धा करवत चालू? कमाल आहे तुमची!"

ओकुनोबाई काकडीला काड्यांचे पाय लावत होत्या. यजमानांच्या आत्म्याला बसायला तो घोडा. "हळू बोल, पोरा. हे आलेत घरी. याच करवतीनं त्यांचे कान गेले. आता तीन दिवस तरी त्यांना शांत बसू दे."

त्याने आत डोकावले. पाते उतरवून, तेल लावून भिंतीला टांगलेले. मोटर थंडगार. आणि त्याच्या हातातल्या पडद्यावर माझी रेघ नाचतच होती.

"मग हे हलवतंय कोण?"

"मला काय विचारतोस? खाली विचार!"

त्याने खरोखरच खाली विचारले. माझ्यासारख्या इतर भूकंपमापकांच्या रेघा शेजारी शेजारी ठेवल्या. तीच थरथर रोज काही कोस पुढे सरकत होती. असे कुठल्या करवतीला जमेल? मग शास्त्रज्ञांना उमगले, की आमच्या बेटाखाली समुद्राचा तळ घुसतो आहे. तो काही ठिकाणी अडकून बसतो, तर तीसएक किलोमीटर खोलवर कित्येक दिवस हळूहळू घसरतो. भूकंप असा संथही असतो! गोंगाट म्हणून टाकून दिलेल्या रेघांतच तो सापडला.

कात्सुया मिठाईचा डबा घेऊन बाईंपुढे कमरेत वाकला.

"डबा ठेव," त्या म्हणाल्या. "पण ज्या ज्या दारी माझं नाव घेतलंस, त्या प्रत्येक दारी जाऊन सांग."

तो एकतीस दारे फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला करवत सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत चालली.

आता माझ्या जागी नवे यंत्र आहे. मला वर काढून एका कोठारात ठेवले आहे. अंगावर धूळ आहे. तिची मला खंत नाही. पण मित्रांनो, ऐकू आलेले आवडले नाही म्हणून ते टाकून देऊ नका. आणि कुणाकडे बोट दाखवण्याआधी त्याच्या दारापर्यंत जाऊन, त्याची करवत खरेच फिरते आहे का, एवढे तरी बघा.