सांगायचं नाही

"खरं सांगा म्याडम, माह्याबद्दल काय सांगतलं तिनं?" कुंदननं दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही त्याचा आवाज गोडच होता.

प्रतीक्षानं वहीवरून मान वर केली. चांदूर बाजारची ही मुलगी अमरावतीच्या कॉलेजात कुटुंब-समुपदेशन शिकत होती. संशोधनाचा सराव म्हणून गीतांजली मॅडमनी प्रत्येकीला एकेक जोडपं गाठून दिलं होतं, आणि हिच्या वाट्याला आलं अकोल्यातल्या फुलवाल्याचं हे घर. नवरा-बायकोला वेगवेगळं बसवायचं, प्रश्न तेच विचारायचे आणि एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. मॅडमनी हा नियम इतका घोटून घेतला होता की मुली झोपेतही म्हणून दाखवतील.

शकुनशी, म्हणजे कुंदनच्या बायकोशी, बोलणं आधीच झालं होतं. झेंडूचे हार ओवता ओवता बाई भडाभडा बोलली. मारहाणीचा प्रश्न आला तेव्हा तिनं सुई थांबवलीसुद्धा नाही. "छ्या! त्यायनं कदी बोट नाई लावलं मले." मनगटावरचा हिरवा-पिवळा डाग पदराखाली सरकवत ती हसली. डाग प्रतीक्षाला दिसला होता. तरी तिनं पुढचा प्रश्न घेतला.

आता शकुन आत चहा टाकत होती आणि तोच प्रश्न कुंदनला विचारून झाला होता. तो मुळीच ओशाळला नाही, उलट सावध झाला. घरातल्या माणसानं चुगली केल्याशिवाय असला प्रश्न परक्या पोरीला सुचेल कसा?

"मला सांगता येणार नाही दादा," प्रतीक्षा म्हणाली. "तुमचंही मी त्यांना सांगणार नाही."

"म्हंजे सांगन्यासारखं हाये काईतरी."

प्रतीक्षानं वहीचं पान उलटलं. नाही म्हणाल्या त्या, एवढंच तर म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण पहिल्याच घरात नियम मोडणारी मुलगी तिला व्हायचं नव्हतं.

कुंदन उठला. तराजूतलं दोन किलोचं लोखंडी वजन उचलून तो आत गेला आणि त्यानं दाराला कडी घातली.

आधी कप फुटला. मग शकुनची किंकाळी, मग धप्प असा आवाज, आणि पुन्हा तसाच.

"घरातलं बाहीर सांगून राहिली? मले बदनाम करून राहिली?"

"नाई वो, देवाशपथ, म्या काईच नाई..." पुढचे शब्द हाड मोडल्याच्या आवाजात बुडाले.

प्रतीक्षा दारावर धडकली, मुठींनी, मग खांद्यानं. शिकलेली भाषा कुठल्या कुठे गेली. "मारू नोका! नाई सांगतलं त्यायनं काईच! तुमी कदीच मारत नाई म्हने त्या!"

आत सामसूम झाली. कडी निघाली. कुंदनच्या सदऱ्यावर रक्ताचे शिंतोडे होते आणि चेहऱ्यावर चक्क नाराजी.

"मंग हे पयलेच सांगाले काय झालतं, म्याडम? फुकट मार खाल्ला ना तिनं."

फुकट! त्याच्या मागे शकुन ओट्याखाली पडली होती, उजव्या हाताची बोटं भलतीकडेच वळलेली. प्रतीक्षाला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि मग स्वतःचाही.

शेजारच्या मनकर्णाबाईंनी ऑटो आणला. दवाखान्यातून प्रतीक्षानं मॅडमना फोन लावला. "तू नियम पाळलास गं. दोघांना एकाच घरात विचारायला पाठवलं, ती चूक माझी," त्या म्हणाल्या. तिला त्याचा काडीचा दिलासा वाटला नाही.

संध्याकाळी पोलीस बाई खाटेपाशी आली. "कशानं लागलं? पडल्या काय?"

शकुन छताकडे बघत राहिली. हो म्हटलं की मिटलं असतं. कुंदन दारात केळी घेऊन उभाच होता.

"पोरी," ती प्रतीक्षाला म्हणाली, "माह्या तोंडून नाई निघत. तू सांग."

"सांगू?"

"सारं सांग. आयकलं ना तू."

प्रतीक्षा बोलू लागली. शकुन डाव्या हातावर भार देत उठून बसली आणि दारातल्या नवऱ्याकडे सरळ पाहत राहिली.