घड्याळाच्या पोटातलं आडनाव

साल एकोणीसशे अडुसष्ट. चिमटीच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षं ती वडिलांपासून एक गोष्ट लपवत होती.

तिचे वडील घड्याळवाले. तेव्हा घड्याळं किल्लीवर चालत आणि बंद पडली की दुरुस्त होत. फेकून द्यायचं कुणाच्या मनातही येत नसे. वडिलांच्या दुकानात एक रीत होती. दुरुस्ती झाली की आतल्या पितळी पट्टीवर सुईने आडनाव आणि साल कोरायचं. पुढे कुणी ते घड्याळ उघडलं, तर आधी कुणाचा हात लागलाय ते कळावं. मुलगी चौदाव्या वर्षापासून त्यांच्याशेजारी कामाला बसली. हातात सदा चिमटा, म्हणून नाव पडलं चिमटी. तिने केलेल्या घड्याळांतही तेच आडनाव जाई आणि गिऱ्हाईक वडिलांना म्हणे, “तुमच्या हाताला तोड नाही!” वडील मिशीतल्या मिशीत हसत. चिमटीही हसे, पण जरा कमी.

मग ती पलीकडच्या गल्लीत साबणवाल्यांची सून झाली. पुढच्या खोलीत खिडकीशी तिने आपलं टेबल मांडलं. पहिलं घड्याळ तयार झालं, सुई उचलली आणि हात अडला. सासूबाई डोकावल्या.

“काय गं, काय झालं?”

“आडनाव कोरायचंय. कुठलं कोरू?”

“आमचं चालत असेल तर कोर बाई! आजवर साबणाच्या वडीवरच उमटलंय, दोनदा हात धुतले की गेलं. तुझ्या पितळेवर टिकेल तरी.”

चिमटीने सासरचं आडनाव कोरलं आणि तिला फार बरं वाटलं. वाईट वाटलं ते रविवारी, माहेरी गेल्यावर. वडिलांनी चहा ओतता ओतता विचारलं, “घड्याळात आडनाव घालतेस ना?”

“घालते की.”

कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. खरं कळलं तर बाबांचं मन मोडेल, ही धास्ती पुढे दर रविवारी तिच्याबरोबर चहाला बसू लागली.

अशाच एका रविवारी शाळेच्या मोठ्या बाई भिंतीवरचं घड्याळ काखेत मारून दुकानात आल्या. साफसफाईत पडून लंबक वाकला होता. चिमटी तिथेच वडिलांशेजारी बसली होती. तिने घड्याळ लांबूनच ओळखलं. वडिलांनी ते उघडलं आणि डोळ्याला भिंग लावलं.

“हा कोण नवा उपटला? आडनाव कधी ऐकलं नाही. पण काम बघ! चाकाला नवा दात बसवलाय, सांधा सापडत नाही. शीक जरा, चिमटे.”

“बाबा, तो दात मी बसवलाय.”

“आणि हे आडनाव?”

“माझ्या सासरचं.”

“साबणवाल्यांचं?”

“त्यांनाही आडनाव आहे, बाबा. पत्रिकेत छापलं होतं.”

“पत्रिकेत मी फक्त तारीख बघितली.” त्यांनी भिंग काढलं. “आपल्या आडनावाला काय झालं होतं?”

“काही नाही. पण ते घातलं की शाबासकी तुम्हाला. तिकडे सगळे साबण करतात. त्या आडनावाने घड्याळात हात घालणारी मी एकटीच. चुकलं तरी माझं, साधलं तरी माझं.”

वडिलांनी पट्टीवरची ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, “आणि मी तुलाच शीक म्हणालो!” असे खदखदून हसले, की मोठ्या बाई दचकल्या. लंबक सरळ करून त्यांनी सुई घेतली. लेकीच्या ओळीखाली, बारीक अक्षरात, आपलं आडनाव आणि साल कोरलं. पुढे लिहिलं, ‘फक्त लंबक’.

वडिलांनी आणखी अकरा वर्षं दुकान चालवलं. नाजूक काम आलं की गिऱ्हाइकाला चिमटीच्या सासरचं आडनाव दोनदा सांगून तिकडे धाडत. त्यांच्यामागे तिथे चष्म्यांचं दुकान आलं. सासूबाई नव्वदीपर्यंत ठणठणीत होत्या. साबण न्यायला आलेल्याला आधी सुनेची खिडकी दाखवत. मोठ्या बाई निवृत्त होऊन बहिणीकडे राहायला गेल्या. चिमटीच्या हाताखाली दोन मुली तयार झाल्या, दोघी आपापलं आडनाव कोरतात. हात थरथरू लागल्यावर तिने सुई खाली ठेवली. आता ती उशिरा उठते, आणि घरातल्या घड्याळांना किल्ली नातसून देते.