तीन शेंगदाणे

सकाळचे साडेआठ वाजले होते. रुक्मिणीबाईंनी दुसरा चहा हातात घेऊन मोबाईल उघडला, तर दुकानाच्या ग्रुपवर अजिंक्यचा मेसेज येऊन पडलेला. असेल रोजच्यासारखी साबणावर वाटी फुकट म्हणून त्यांनी तो चष्म्याशिवायच वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीला त्या थांबल्या आणि उठून चष्मा शोधून आणला.

‘सर्व ग्राहकांना नम्र सूचना. काल संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान एका महिला ग्राहकाने दुकानातील खुला माल बिल न करता खाल्ल्याचे कॅमेऱ्यात आले आहे. संबंधितांनी आज दुपारी बारापर्यंत स्वतः येऊन भेटावे. अन्यथा व्हिडिओ ग्रुपवर टाकण्यात येईल.’ आणि खाली हात जोडलेलं चित्र. धमकी देताना हात जोडायचे, ही नवीनच रीत.

काल संध्याकाळी सव्वापाचला रुक्मिणीबाई त्या दुकानात होत्या. आणि त्यांनी खाल्ले होते. तीन शेंगदाणे. चहा तसाच राहिला.

आता शेंगदाणा तोंडात टाकल्याशिवाय विकत घ्यायचा म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. शेंगाचटणी करायची तर दाणा गोड हवा. एखादा जरी खवट निघाला, तरी उखळात कुटलेली सगळी चटणी कडवट होते, मग लसूण घाला नाहीतर काहीही घाला. नात उर्वी पुण्याला हॉस्टेलवर होती आणि तिला डबाभर चटणी जायची होती, म्हणून बाईंनी एक दाणा चावून बघितला होता. तो खवट लागला. वरचाच तेवढा असेल म्हणून खालचा एक काढला, मग कोपऱ्यातला. तिन्ही खवट. त्यांनी ते रुमालात थुंकले, शेंगदाणे घेतले नाहीत आणि चहापावडर तेवढी घेऊन त्या घरी आल्या. यात चोरी कुठे होती?

पण कॅमेऱ्यात चव दिसत नाही. कॅमेऱ्यात दिसणार ती डब्यात हात घालणारी, तो हात तोंडाकडे नेणारी आणि आजूबाजूला बघणारी एक म्हातारी. बाईंनी आजूबाजूला बघितलं होतं, कारण भाव विचारायला तिथे कुणीच नव्हतं. असं कुणीच नसणं, ही तर त्या दुकानाची नवी ओळख होती.

पूर्वी तसं नव्हतं. गुरुसिद्धप्पा गल्ल्यावर बसायचे तेव्हा पोती दारातच उघडी असायची, आणि गिऱ्हाईक आलं की ते स्वतःच चार दाणे हातावर ठेवायचे. “टाका की तोंडात बाई. न्हाय आवडलं तर नका घेऊ,” म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी मुलगा अजिंक्य आला, काचेचं दार आलं, बास्केटा आल्या, पाटीवर इंग्रजीत ‘शॉपी’ आलं आणि माणसं गेली. कुणाला काही विचारलं की “वर लिहिलंय की” एवढंच उत्तर. वर लिहिलेला भाव वेगळा आणि बिलात येणारा वेगळा. शेंगदाणे महिन्यात दोनदा वाढले, तेलाची पिशवी दिसायला तेवढीच पण आत माल कमी, आणि जुन्या किमतीवर नव्या किमतीचं स्टिकर असं चिकटवलेलं, की नखानं खरवडलं तर खालचा आकडा हसत वर यावा.

गेल्या आठवड्यात बाईंनी हेच ग्रुपवर विचारलं होतं. सगळे आपापल्या ओट्यावर कुरकुरत होते. लिहिलं एकट्या त्यांनी, कारण एकतीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे चूक दिसली की खाली लाल रेघ ओढायची सवय होती. अजिंक्यनं ‘नोटेड मॅडम’ एवढंच उत्तर दिलं होतं. लहानपणी तो त्यांना काकू म्हणायचा. नोटेड म्हणजे काय, ते आता कळत होतं.

“अहो, ऐकलंत का?” त्यांनी मेसेज नवऱ्यापुढे धरला.

वेणीमाधवरावांनी तो दोनदा वाचला. त्यांचा जन्म कारकुनीत गेला होता. “यात तुझं नाव कुठे आहे? नाव नाही तोवर खुलासा द्यायचा नाही. नाव आलं, की मग लेखी द्यायचा.”

“नाव येणार म्हणजे व्हिडिओ येणार. दोनशे माणसं आहेत त्या ग्रुपवर. निम्मी माझ्या हाताखालून गेलेली.”

“तू खाल्लेस की चाखलेस?”

“चाखले.”

“मग तसं लिहू,” असं म्हणून ते खरोखरच कागद शोधायला उठले. बाईंना रागच आला. या माणसाला आपण कशाला सांगितलं, असं त्यांना होऊन गेलं.

दहा वाजता शेजारच्या सावित्रम्मा फाटकाशी आल्या. त्यांचं घर विणकरांचं. घरात तेलुगू आणि फाटकाबाहेर त्यांची स्वतःची मराठी.

“अक्का, बगितलं का ग्रुपवर? कोण असंल वो?”

“काय माहीत,” बाई म्हणाल्या. आवाज आपला नसल्यासारखा आला.

“मला तर केराबाई वाटते. ती कुंभारीहून कामाला येते ना, ती. रोज त्याच टायमाला दुकानात असते. चार घरच्या बायका तसंच म्हणायलेत. वरच्या मजल्यावरची तर म्हणली, उद्यापास्नं येऊ नको म्हणून सांगते.”

आणि हे ऐकून रुक्मिणीबाईंना क्षणभर हायसं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, वाटलं. म्हणजे माझ्यावर कुणाचा संशय नाही, असा विचार आधी आला आणि केराबाईचा मागून. मग मात्र स्वतःची अशी लाज वाटली, की त्या फाटकाचा गज धरून उभ्या राहिल्या.

“बारा वाजता कळंलच की,” सावित्रम्मा म्हणाल्या आणि उत्साहानं पुढच्या घराकडे गेल्या.

बाई घरात आल्या, पण त्यांना बसवेना. फार वर्षांपूर्वीची एक मुलगी आठवत राहिली. ईरम्मा तिचं नाव, तिसरीत होती. वर्गात कुणाची तरी रंगपेटी हरवली, सगळ्यांनी ईरम्माकडे बोट दाखवलं, आणि बाईंनी तिला तासभर फळ्यापाशी उभं केलं. रंगपेटी दुसऱ्या दिवशी खिडकीमागे सापडली. तेव्हा बाई तिला “बस खाली” एवढंच म्हणाल्या होत्या. पुढच्या वर्षी ईरम्मा शाळेत आली नाही. कारण दुसरंच काही असेल, घरचं असेल, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या.

साडेअकराला त्यांनी साडी बदलली. “मी जाऊन येते,” म्हणाल्या.

“थांब, खुलाशाचा मसुदा झालाय,” वेणीमाधवराव आतून म्हणाले. त्या थांबल्या नाहीत.

दुकान गल्लीच्या टोकाला, पण आज ते फार लवकर आलं. वाटेत जो भेटेल तो आपल्याकडेच बघतोय असं वाटत होतं. दूधवाल्यानं नमस्कार केला, तर त्यातही काहीतरी असल्यासारखं वाटलं. ऊन असं की पायरी पोळावी.

दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गुरुसिद्धप्पा बसले होते. आता त्यांचं काम येणाऱ्याला नमस्कार करायचं, एवढंच. “या बाई,” ते म्हणाले. बाई नुसती मान हलवून आत गेल्या.

काउंटरपुढे सात-आठ जण ताटकळत होते. कॉम्प्युटर अडकला होता, काउंटरवरची मुलगी त्याच्याकडे बघत होती आणि बायका तिच्याकडे. अजिंक्य मागे उभा राहून फोनवर बोलत होता. रुक्मिणीबाई रांग सोडून सरळ पुढे गेल्या. वाक्य घरून पाठ करून आणलं होतं, ते विसरलं.

“अजिंक्य, तो मेसेज माझ्याबद्दल आहे,” त्या म्हणाल्या.

रांगेत जी कुजबुज चालली होती ती बंद पडली. अजिंक्यनं फोन ठेवला. त्याला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “आत या मॅडम. इथं कशाला?”

आत म्हणजे तेलाच्या डब्यांमागे एक टेबल आणि भिंतीवर कॅमेऱ्यांचा पडदा. त्यानं खुर्ची पुढे केली आणि अगदी गोड आवाजात बोलला. “मला तुमची बदनामी करायची नाही. तुमच्यासारख्यांची तर नाहीच. फक्त दोन ओळी लिहून द्या, चूक झाली म्हणून. आणि ग्रुपवर एवढंच टाका, की भावाबद्दल तुमचा गैरसमज झाला होता. विषय संपला.”

त्यानं कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं.

बाईंनी पेन उचललं. हे सांगायला वाईट वाटतं, पण उचललं. दोन ओळी लिहायच्या आणि घरी जायचं. केराबाईवरचा संशयही जाईल, आपलंही झाकलं जाईल, आणि भाव काय, आपण बोललो काय अन् न बोललो काय, वाढायचे ते वाढणारच. ‘काल माझ्याकडून’ एवढं लिहून झालं. अक्षर इतकं वाकडं आलं, की तिसरीतल्या पोराला त्यांनी ते पुन्हा लिहायला लावलं असतं. तिथेच पेन थांबलं.

“मला बघू तरी दे,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“व्हिडिओ. कशाखाली सही करतेय, ते बघू दे.”

त्यानं मोबाईल पुढे धरला. सात-आठ सेकंदांचा तुकडा होता. बाईंनी स्वतःला वरून कधी बघितलं नव्हतं. पांढरे विरळ केस, वाकलेली पाठ, इकडेतिकडे भिरभिरणारी मान, डब्यात गेलेला हात, तोंडाकडे आलेला हात. त्यांनासुद्धा ती बाई चोर वाटली. लोकांना वाटणार नाही तर काय होईल?

“पुढचं दाखव,” त्या म्हणाल्या.

“पुढं काही नाही, मॅडम.”

“आहे. मी आणखी दोन दाणे घेतले. पूर्ण दाखव. त्या भिंतीवरच्यावर दाखव.” आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तेवढा मोठा झाला होता. रांगेतल्या दोन बायका तेलाच्या डब्यांपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागून काठी टेकत गुरुसिद्धप्पा आले.

“काय झालं ओ बाई?” त्यांनी विचारलं, आणि मुलाकडे वळले. “दाखव की त्येंना. कॅमेरे काय शोभंला लावलेत काय?”

अजिंक्य पडद्याकडे वळला. त्यानं कालची सव्वापाचची वेळ लावली. पडद्यावर तीच म्हातारी आली. हात डब्यात, हात तोंडात. आणि मग तिनं मान वळवली, ती नेमकी कॅमेऱ्याकडे. तोंड असं वाकडं झालं, की बघणाऱ्यालासुद्धा खवट चव लागावी. तिनं कमरेचा रुमाल काढून त्यात थुंकलं. मग दुसरा दाणा, पुन्हा तेच तोंड. मग तिसरा. मग तिनं डब्यावरची भावाची चिठ्ठी वाचली, रिकाम्या काउंटरकडे बघितलं, थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि चहापावडरच्या फळीकडे निघून गेली. पिशवीत तिनं एकही दाणा टाकला नव्हता.

डब्यांपाशी उभ्या असलेल्या एकीनं हातातली शेंगदाण्याची पुडी उलटीपालटी करून बघितली.

“टाक आता हा ग्रुपवर. पूर्ण टाक,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “बारा वाजायला आलेत.”

“अहो मॅडम, जाऊ द्या ना,” अजिंक्य म्हणाला. “माल चांगलाच आहे. चव काय, ज्याची त्याची असते.”

गुरुसिद्धप्पा वळले, काठी टेकत सगळ्या दुकानातून चालत शेंगदाण्याच्या डब्यापाशी गेले आणि त्यांनी आत हात घातला. लोक बाजूला झाले. त्यांनी दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. चाळीस वर्षं याच जागेवर या माणसानं दुसऱ्यांना चव बघायला लावली होती. दोनदा चावल्यावर त्यांचा जबडा थांबला.

आता गिऱ्हाईकासमोर हा माणूस काय करणार, असं वाटून बाईंचाच जीव कासावीस झाला. गिळतील, असं त्यांना वाटलं. मुलाची लाज राखायला माणूस याहून वाईट काहीही गिळतो.

त्यांनी तो दाणा तळहातावर थुंकला. मान वर करून छताजवळचा कॅमेरा शोधला, आणि त्याच्याकडे बघत हात पुढे धरला.

“अजिंक्य,” ते म्हणाले, “बाईंचा टाकशील तवा माजाबी टाक. खाली नाव घाल. गुरुसिद्धप्पा, ह्या दुकानाचा मालक, बिल न करता खाल्लं.”

सकाळपासून रुक्मिणीबाईंना रडू आलं नव्हतं. ते आता आलं, भर दुकानात, सगळ्यांच्या देखत.