मी अनस्टेबलच राहणार

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. भंगारात निघालो होतो, पण गेलो नाही.

माझी पहिली वर्षं जळगावच्या एका कचेरीत गेली. माझ्या वेगाचं तिथे फार कौतुक व्हायचं. मग नवी यंत्रं आली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. मला भंगारवाल्याला देणार होते, तेवढ्यात हेमांगीने मला मागून घेतलं. ती जळगावला इंजिनीअरिंग शिकत होती. तिने माझ्यात लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली घातली आणि मला चोपड्याला आपल्या भावाकडे, योगेंद्रकडे नेलं.

योगेंद्रला लहानपणापासून दिसत नाही. तो बी.ए.ला होता. पडद्यावरचं त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं, हे माझं नवं काम. आधी पुस्तकासाठी त्याला कुणाची तरी वाट पाहावी लागे. आता तो स्वतः वाचू लागला, स्वतः लिहू लागला. मोबाइल होता, पण त्यावर पानंच्या पानं लिहिणं जमत नसे.

माझ्यात एकच खोट होती. जोडाक्षर आलं की मी अर्धा शब्द गिळायचो. हेमांगीने माझ्यात लिनक्सची 'टेस्टिंग' आवृत्ती ठेवली होती. नवे बदल आधी 'अनस्टेबल' आवृत्तीत येतात. तिथे मोठी चूक निघाली नाही, तरच ते टेस्टिंगमध्ये उतरतात. जोडाक्षरांची दुरुस्ती अनस्टेबलमध्ये आली होती, पण पुढे सरकत नव्हती.

योगेंद्र म्हणाला, मला अनस्टेबल हवं. हेमांगी धास्तावली. परीक्षा तोंडावर होती, आणि अनस्टेबलमध्ये कधी काय मोडेल याचा नेम नव्हता. तिने परोपरीने समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सुखरूप राहून चुकीचंच ऐकत बसू का?" तो म्हणाला.

तिने मला अनस्टेबलवर नेलं. मी स्वच्छ बोलू लागलो. योगेंद्रने एकच पान माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

आणि एका सकाळी, नवे बदल घेतल्यावर, माझा आवाज गेला. पडद्यावर अक्षरं होती, पण ज्याच्यासाठी होती त्याच्यापर्यंत ती पोचत नव्हती. योगेंद्र माझ्या कळांवर हात ठेवून बसून राहिला.

"हाई आते बोलस का नही?" त्याची आई, कमलबाई, दारातून माझ्याबद्दल विचारत होती. त्या दिवशी तो जेवलाच नाही.

हेमांगी जळगावहून एसटीने आली. तिला मला लगेच टेस्टिंगवर परत न्यायचं होतं. योगेंद्रने तिला थांबवलं. आधी प्रणाली बनवणाऱ्यांना कळवू, म्हणाला. कोणता बदल घेतला, कोणती कळ दाबली, मी शेवटचा कोणता शब्द बोललो, हे तो सांगत गेला आणि ती टाइप करत गेली. दूरदेशीच्या त्या माणसांनी उलट प्रश्न विचारले. त्याने न कंटाळता उत्तरं दिली. चूक सापडली. तो बदल त्यांनी तिथेच रोखला, टेस्टिंगमध्ये उतरूच दिला नाही. मग दुरुस्त आवृत्ती आली आणि परीक्षेच्या आधी मला वाचा फुटली.

आता तरी टेस्टिंगवर जायचं का, हेमांगीने विचारलं.

"नाही," योगेंद्र म्हणाला. "चूक कुणाच्या तरी वाट्याला आधी येणारच. माझ्या वाट्याला आली, तर मी निदान बोंब तरी मारतो."

टेस्टिंगवर माझ्यासारखी कितीतरी यंत्रं कुणाकुणाला वाचून दाखवत असतील. त्यांचा आवाज त्या दिवशी गेला नाही. का गेला नाही, हे त्यांना कधी कळणारही नाही. न कळो.

मित्रांनो, जुन्या यंत्रांना जपा म्हणतात, म्हणजे फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवतात. मला तसं जपू नका. माझी धूळ पुसा आणि मला कामाला लावा. मी पुन्हा मोडेन, ते कबूल आहे. त्या दिवशी मला लपवू नका. मी मोडलो, हे चारचौघांत मोठ्याने सांगा.