ऋण त्वरण

मास्तर पेपर तपासत होते, तेवढ्यात पत्नीने दवाखान्यातून आणलेलं पाकीट उत्तरपत्रिकांवरच ठेवलं.

"वाचा. मला डॉक्टरांनी तोंडी सांगितलंय."

तिच्या पोटातली गाठ पहिल्या महिन्यात चार मिलिमीटर वाढली होती, दुसऱ्यात तीन, या महिन्यात दोन. मास्तरांनी आकडे दोनदा वाचले आणि चष्मा पुसायला घेतला.

"वाढीचा वेग कमी झालाय म्हणाले," ती समोर बसत म्हणाली. "म्हणजे उतार पडला म्हणायचा. लेकीला कळवून टाकते, एवढ्यात येऊ नकोस. नव्या नोकरीत रजा मागणं तिच्याही जिवावर येतं. सहा महिन्यांनी सावकाश येईल."

हीच ती चूक. ब्रेक लावला की त्वरण ऋण होतं, वेग कमी होतो, पण थांबेपर्यंत गाडी पुढेच जाते, हे मास्तर तीस वर्षं घसा फोडून सांगत आले होते, आणि दर वर्षी निम्मा वर्ग इमानेइतबारे गाडी मागे आणत होता. या चुकीला त्यांनी कधी अर्धा गुण दिला नव्हता. मुख्याध्यापकांच्या पोरालाही नाही. आज मात्र त्यांची जीभ रेटेना. गाठ कमी झालेली नव्हती, नुसती जरा हळू वाढत होती. लेकीला आजच बोलवायला हवं होतं. पण पत्नीचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता, आणि तो पुन्हा उतरलेला बघायची त्यांच्यात हिंमत नव्हती.

"हो," ते म्हणाले. "उतारच म्हणायचा."

ती तपासलेला गठ्ठा ओढून गुणांची बेरीज करू लागली. हे काम लग्नापासून तिचंच होतं. दोन पेपर झाल्यावर मान वर न करता म्हणाली,

"तीस वर्षं तुमचे पेपर बघतेय मी. गाडी पुढेच जातेय, एवढं कळतं मला."

मास्तरांनी पेन खाली ठेवलं.

"मग तसं का म्हणालीस?"

"तुम्ही चूक खोडता का, ते बघायचं होतं. पहिल्यांदाच पूर्ण गुण दिलेत. तेव्हा कळलं, किती थोडं राहिलंय ते."

तिने तिसरा पेपर उघडला.

"लेकीला बोलवून घ्या. फोन तुम्हीच करा, माझा आवाज तिला लगेच कळतो."